नऊ क्रेडिटचे गणित : एफ-१ व्हिसावरील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नोंदणी, ड्रॉप आणि वेळापत्रक

पाऊलवाट

नमस्कार. मी अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर संगणकशास्त्राच्या मास्टर्सच्या पहिल्या सत्रात आहे. प्रत्येकी ३ क्रेडिटचे तीन विषय घेतले असून तिन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून शिकण्याचे आहेत, म्हणजे एकूण ९ क्रेडिट होतात आणि आमच्याकडे तेवढेच पूर्णवेळ मानले जातात. त्यांपैकी अल्गोरिदमचा विषय मला झेपत नाही. त्यासाठी आवश्यक असलेला पूर्वविषय मी पदवीला केलेला होता, त्यामुळे नोंदणी विनासायास झाली. परंतु इथे त्या पूर्वविषयातले जे काही गृहीत धरले जाते, त्यातले निम्मे आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हतेच. मिडटर्मला १०० पैकी ४१ गुण मिळाले आणि वर्गाची सरासरी ६८ आहे. सध्या सातवा आठवडा चालू आहे. ॲड-ड्रॉपची, म्हणजे खूण न राहता विषय जोडण्या-सोडण्याची, मुदत दुसऱ्या आठवड्यातच संपली. दहाव्या आठवड्यापर्यंत विषय सोडता येतो, पण ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याची खूण) राहतो.

विषय सोडला तर माझ्याकडे ६ क्रेडिट उरतील. त्याने व्हिसाला धक्का लागतो का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न पुढच्या सत्राचा आहे. मला हवे असलेले दोन विषय २५ मिनिटांनी एकमेकांवर येतात आणि त्यांतला एक दर दोन वर्षांनीच शिकवला जातो. तो एकच घेऊन बाकीचे दोन ऑनलाइन घ्यावेत असा माझा विचार आहे. तिसरे म्हणजे, पुढच्या सत्रात आठवड्याला २० तासांची टीएशिप (प्राध्यापकांना अध्यापनात मदत करण्याचे काम) मिळण्याची शक्यता आहे. ती मिळाली की ९ ऐवजी ६ क्रेडिट पुरतात असे एका सीनियरने सांगितले, ते खरे आहे का?

वाटसरू_८

एवढी काळजी करू नका. माझ्या दोन मित्रांनी असाच विषय सोडला होता आणि त्यांना काहीही झाले नाही. नोंदणीच्या पोर्टलवर ड्रॉपचे बटण चालते आहे ना, मग सोडा आणि नंतर सवडीने इंटरनॅशनल ऑफिसला कळवा. 'सी' मिळण्यापेक्षा 'डब्ल्यू' केव्हाही बरा.

टाचणी

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य बहुतेक वेळा खरे आहे, परंतु त्याआधीचा सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. आधी सोडायचे आणि मग कळवायचे हा क्रमच उलटा आहे. एफ-१ विद्यार्थ्यांसाठीचा संघीय नियम, म्हणजे ८ सीएफआर २१४.२(एफ), असे सांगतो की डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नोंदी पाहणारा विद्यापीठाचा अधिकारी) पूर्वपरवानगी न घेता जो विद्यार्थी पूर्ण अभ्यासभाराच्या खाली जातो, तो स्टेटसबाहेर, म्हणजे व्हिसाच्या अटींबाहेर, गेला असे धरले जाते. यातला महत्त्वाचा शब्द 'पूर्व' हा आहे. विद्यापीठाचे नोंदणी पोर्टल आणि सरकारची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली) या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि पहिलीने बटण दाबू दिले म्हणजे दुसरीने संमती दिली असे होत नाही. तुमच्या मित्रांकडे मुळात १२ क्रेडिट असतील, किंवा त्यांनी आधीच परवानगी घेतली असेल आणि ते सांगायचे राहून गेले असेल.

सेव्हिसमधली नोंद या कारणाने बंद झाली तर दोनच वाटा उरतात. एक तर आय-५३९ हा अर्ज भरून यूएससीआयएस या सरकारी इमिग्रेशन खात्याकडे रीइन्स्टेटमेंट, म्हणजे स्टेटस परत, मागायचे. तो अर्ज साधारणपणे स्टेटस सुटल्यापासून ५ महिन्यांच्या आत करावा लागतो आणि चूक हेतुपुरस्सर नव्हती, वारंवार झालेली नव्हती, हे पटवून द्यावे लागते. नाहीतर देश सोडून नव्या आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देते ते प्रमाणपत्र) पुन्हा प्रवेश करायचा. मात्र तसे केल्यास सीपीटी आणि ओपीटी या अभ्यासाशी निगडित नोकरीच्या परवानग्यांसाठी लागणारे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पहिल्या दिवसापासून मोजले जाते. एका विषयासाठी ही किंमत फार मोठी आहे.

आता पाऊलवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ९ च्या खाली जाण्याची रीतसर सोय आहे आणि तिला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. शैक्षणिक अडचणीसाठी ती देताना नियमाने कारणे मोजकीच ठेवली आहेत: सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा वाचनाच्या अपेक्षांची अडचण, अमेरिकन अध्यापनपद्धतीचा अपरिचय, आणि चुकीच्या पातळीच्या विषयात प्रवेश होणे. 'जीपीए घसरेल अशी भीती वाटते' हे कारण त्या यादीत नाही. तुम्ही जे वर्णन केले आहे ते मला तिसऱ्या कारणात बसणारे वाटते. पण ते डीएसओसमोर त्याच शब्दांत मांडा आणि विषयाच्या प्राध्यापकांचे किंवा विभागाच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरचे तशा अर्थाचे पत्र सोबत न्या.

या सवलतीच्या तीन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. सवलत घेऊनही किमान ६ क्रेडिट हातात असावे लागतात, जे तुमच्याकडे राहतात. उन्हाळा वगळून पुढच्याच सत्रात पूर्ण भार पुन्हा उचलावा लागतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची: शैक्षणिक कारणासाठी ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते. पहिल्याच सत्रात ती वापरून टाकली, तर पुढे खरोखर कठीण प्रसंग आला तेव्हा हात रिकामे असतील.

दुर्बीण

आजारपणासाठी हीच मर्यादा लागू होते का? मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि शस्त्रक्रियेमुळे कदाचित एकही विषय घेता येणार नाही.

टाचणी

नाही, वैद्यकीय कारणाची सवलत वेगळी मोजली जाते. परवानाधारक डॉक्टर, डॉक्टर ऑफ ऑस्टिओपथी किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचे पत्र लागते आणि त्या आधारावर शून्य क्रेडिटपर्यंतही जाता येते. एका पदवीच्या पातळीवर ती एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. दर सत्रासाठी परवानगी नव्याने घ्यावी लागते आणि इथेही ती आधीच घ्यायची असते. तब्येतीची काळजी घ्या.

जुनाखलाशी

माझी पीएचडी संपून काही वर्षे झाली, त्यामुळे या सर्व चुका स्वतः करून बसलेला माणूस म्हणून लिहितो. नव्या विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो मुख्यतः यामुळे, की '९' हा एकच आकडा चार वेगवेगळ्या कार्यालयांच्या तोंडी असतो आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ निराळा असतो. ग्रॅज्युएट स्कूल म्हणते पूर्णवेळ म्हणजे ९. इंटरनॅशनल ऑफिस म्हणते ९, पण त्यांतले ऑनलाइन किती ते आधी सांगा. टीएशिप देणारा विभाग म्हणतो ९, पण ते ग्रॅज्युएट पातळीचे हवेत. आणि पदवीचा आराखडा तपासणारा म्हणतो तुमचे ९ मान्य आहेत, फक्त त्यांतले ३ डिग्रीत मोजले जाणार नाहीत. चौघेही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाचा होकार घेऊन दुसऱ्याकडे 'त्यांनी हो म्हटले आहे' असे सांगण्यात अर्थ नसतो.

संघीय नियमात १२ हा आकडा आहे तो पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी. पदव्युत्तरांसाठी नियम आकडाच देत नाही. विद्यापीठ ज्याला पूर्ण अभ्यासक्रम म्हणून प्रमाणित करते तो पूर्ण. म्हणून बहुतेक सत्रपद्धतीच्या विद्यापीठांत ९ असतात, काहींत ८ किंवा १२ असतात, आणि कोर्सवर्क संपवलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्रबंधाच्या १ किंवा ३ क्रेडिटवरही पूर्णवेळ मानले जाते. तुमच्या सीनियरचे म्हणणे यातूनच आलेले आहे. काही विद्यापीठे २० तासांची टीएशिप असेल तर ६ क्रेडिट पूर्णवेळ धरतात आणि काही अजिबात धरत नाहीत. त्यांच्या विद्यापीठात ते खरे असेल. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट हँडबुकमध्ये ते लिहिलेले आहे का, एवढेच पाहायचे.

टीएशिपबद्दल आणखी एक. सत्र चालू असताना एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. पूर्ण २० तासांची टीएशिप घेतली की ग्रंथालयात शनिवारचे ४ तासही करता येत नाहीत. दोन्ही कामे एकाच विद्यापीठाची असली तरी तासांची बेरीज होते.

आणि तासांचाच विषय निघाला आहे तर हेही पाहा. १ क्रेडिट म्हणजे सत्राच्या सुमारे १५ आठवड्यांत दर आठवड्याला वर्गाचा १ तास आणि बाहेर किमान २ तास काम, अशी संघीय व्याख्या आहे. (क्रेडिट तासाचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी घातलेल्या अटींमध्ये आहे, हे मला फार उशिरा कळले; निवृत्तिवेतनासाठी निघालेले माप आज आपला व्हिसा मोजते आहे.) त्या हिशोबाने ९ क्रेडिट म्हणजे आठवड्याला २७ तास आणि टीएशिप धरून ४७ होतात. यांतला 'किमान' हा शब्द पदव्युत्तर गणिताला किंवा अल्गोरिदमला लावून पाहिला तर १२ क्रेडिट आणि टीएशिप एकत्र घेणाऱ्यांचे काय होते ते मी दरवर्षी पाहिले आहे.

टाचणी

ऑनलाइन विषयांबाबतचे उत्तर राहिले होते. पूर्ण भार मोजताना एका सत्रात जास्तीत जास्त एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरता येतात. तुम्ही १ विषय वर्गात आणि २ ऑनलाइन घेतलेत तर पोर्टलवर ९ दिसतील, पण सेव्हिसच्या दृष्टीने ते ६ असतील. ऑनलाइन विषय दोन घेण्यास बंदी नाही. फक्त वर्गातले ६ आधी पूर्ण असले पाहिजेत, म्हणजे एकूण १२ घ्यावे लागतील. 'ऑनलाइन' कशाला म्हणायचे हेही नीट वाचावे. ज्या विषयाला वर्ग, परीक्षा किंवा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असे दुसरे काहीही प्रत्यक्ष हजर राहून करावे लागत नाही, तो ऑनलाइन. त्यामुळे व्याख्याने ध्वनिचित्रित असली तरी प्रयोगशाळेत येणे सक्तीचे असेल तर गणना बदलू शकते. वर्गसूचीतला सांकेतिक शब्द पाहून ठरवू नका, इंटरनॅशनल ऑफिसने तो विषय कोणत्या रकान्यात टाकला आहे ते विचारा.

शेवटच्या सत्रात एकच विषय उरला असेल तर तो निव्वळ ऑनलाइन चालत नाही. त्यामुळे पदवीचा आराखडा आखताना वर्गातला एक विषय शेवटासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

निळीशाई

इथे एक सावधगिरीची सूचना माझ्या अनुभवातून द्यावीशी वाटते, कारण ही चूक नियम माहीत असूनही होते. दुसऱ्या सत्रात मी दोन विषय आणि मार्गदर्शकांकडे एक इंडिपेंडंट स्टडी (वर्गाशिवाय स्वतंत्रपणे करायचा अभ्यास) घेतली. ६ आणि ३ मिळून ९, असा माझा हिशोब होता. इंडिपेंडंट स्टडीचे क्रेडिट १ ते ६ यांमध्ये निवडता येतात आणि आमच्या पोर्टलवर आपण स्वतः बदलले नाही तर तो आकडा १ वरच राहतो, हे मला ठाऊक नव्हते. मी जवळजवळ तीन आठवडे ७ क्रेडिटवर होते. विद्यापीठाला प्रत्येक सत्रात नोंदणीची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत आमची नोंदणी सेव्हिसमध्ये कळवावी लागते. त्याआधीच्या तपासणीत इंटरनॅशनल ऑफिसमधल्या बाईंनी ते पकडले आणि उशिराच्या नोंदणीचा अर्ज, मार्गदर्शकांची सही, विभागाची सही आणि दंड एवढ्यावर प्रकरण मिटले. तेव्हापासून मी विषयांची संख्या पाहत नाही, 'एकूण नोंदवलेले क्रेडिट' ही ओळ पाहते.

वेटलिस्टबाबतही असेच आहे. वेटलिस्टवरचा विषय नोंदलेला नसतो, त्यामुळे तो ९ मध्ये येत नाही. ऑडिट केलेला, म्हणजे क्रेडिट न घेता नुसता ऐकलेला विषयही येत नाही. शिवाय अनेक पोर्टलांवर जागा रिकामी होऊनही आपली आपोआप नोंदणी होत नाही, कारण तो विषय आपण हातात धरून ठेवलेल्या पर्यायी विषयाच्या वेळेवर येतो किंवा क्रेडिटची कमाल मर्यादा ओलांडतो. यंत्रणा आपल्याला वगळून मुकाट्याने पुढच्या माणसाकडे जाते.

जुना_समन्वयक

मी एका विद्यापीठाच्या विभागात ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर म्हणून काही वर्षे काम केले आहे. वेळापत्रकाविषयी लिहितो, कारण वरच्या चर्चेत तो भाग मागे पडला आहे.

२५ मिनिटांची टक्कर पाहून पोर्टल नोंदणी नाकारते. पण 'टाइम कॉन्फ्लिक्ट ओव्हरराइड' नावाची सोय पुष्कळ ठिकाणी असते आणि त्यासाठी दोन्ही प्राध्यापकांची लेखी संमती लागते. ती मागताना 'मला दोन्ही विषय हवे आहेत' एवढेच लिहिणाऱ्यांना नकार मिळतो. कोणत्या वर्गातून किती मिनिटे आधी निघणार, तो भाग कसा भरून काढणार आणि त्या २५ मिनिटांत चाचण्या होतात का, हे लिहिणाऱ्यांना संमती मिळण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. अर्थात टक्कर २५ मिनिटांची असेल तरच. निम्मा वर्ग बुडणार असेल तर कोणताही शहाणा प्राध्यापक सही करणार नाही आणि करूही नये.

त्याआधी एक गोष्ट तपासा. हवा असलेला विषय दुसऱ्या विभागाच्या नावाने क्रॉसलिस्ट केलेला आहे का, त्याचा दुसरा सेक्शन आहे का, आणि दोन वर्षांच्या आवर्तनाचा तक्ता विभागाने कुठे लावला आहे का. हा तक्ता नव्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्याशिवाय मास्टर्सची चार सत्रे आखणे म्हणजे अंदाजपंचे काम होते. क्रॉसलिस्ट विषयात मात्र फसगत होऊ शकते: एकाच खोलीत, एकाच प्राध्यापकांकडे, पदवीच्या आणि पदव्युत्तरच्या अशा दोन क्रमांकांखाली विद्यार्थी बसलेले असतात. चुकून पदवीच्या क्रमांकाखाली नोंदणी केली तर अभ्यास तोच होतो, पण ते क्रेडिट तुमच्या पदवीत धरले जात नाहीत. ही चूक शेवटच्या सत्रात पदवीच्या तपासणीच्या वेळी उघडकीला येते, तेव्हा कोऑर्डिनेटरच्या हातात फारसे काही नसते.

नोंदणीची खिडकी उघडण्याच्या निदान आठवडाभर आधी आपल्या खात्यावर होल्ड, म्हणजे नोंदणी अडवणारी खूण, नाही ना ते पाहावे. थकीत फी, लसीकरणाची कागदपत्रे आणि ॲडव्हायझिंगचा होल्ड हे तीन नेहमीचे.

आता पाऊलवाट यांच्या या सत्रासाठी एक वेगळा मार्ग सुचवतो. अनेक विद्यापीठांत सत्राच्या उत्तरार्धात सुरू होणारे सात-आठ आठवड्यांचे विषय असतात. असा एखादा ३ क्रेडिटचा, वर्गात शिकवला जाणारा विषय तुमच्या पदवीत बसत असेल, तर तो घेऊन अल्गोरिदममधून माघार घेता येईल. क्रेडिट ९ च्या खाली जाणारच नाहीत आणि टाचणी यांनी सांगितलेली एकदाच मिळणारी सवलत शिल्लक राहील. क्रम तोच: आधी डीएसओला विचारायचे, मग नवा विषय जोडायचा, तो नोंदलेला दिसला की जुना सोडायचा.

वाटसरू_८

माझ्या मित्रांना आज विचारले. त्यांतल्या एकाकडे खरोखर १२ क्रेडिट होते आणि दुसऱ्याने परवानगी घेतलेली होती. माझा पहिला प्रतिसाद चुकीचा होता, तो कोणी ग्राह्य धरू नये.

एक शंका आहे. उत्तरार्धातला विषय घेतला तर त्याची फी वेगळी पडेल का?

जुना_समन्वयक

फी क्रेडिटवार असेल तर पडेल. सातव्या आठवड्यानंतर सोडलेल्या विषयाची फी सहसा परत मिळत नाही, म्हणून एका विषयाचे पैसे दोनदा भरल्यासारखे होते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना एकरकमी फी असलेल्या ठिकाणी बहुधा फरक पडत नाही. सात आठवड्यांत पंधरा आठवड्यांचे काम उरकायचे असते, म्हणजे ३ क्रेडिटचा विषय ६ क्रेडिटच्या वेगाने चालतो, हेही लक्षात घ्यावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितो आहे, कारण चार कार्यालयांत जायचे होते आणि जुनाखलाशी यांनी म्हटल्याप्रमाणे चारही ठिकाणी ९ चा अर्थ वेगळा निघाला.

अल्गोरिदमच्या प्राध्यापकांना आधी भेटलो. विषय सोडावा असे त्यांनीही सुचवले आणि पुढच्या सत्रात त्याआधीच्या पातळीचा विषय घेऊन मग परत यायला सांगितले. डीएसओंनी दोन्ही पर्याय मान्य असल्याचे ईमेलवर लिहून दिले. विभागात डेटाबेसचा ३ क्रेडिटचा एक विषय नवव्या आठवड्यापासून वर्गात सुरू होतो आणि तो माझ्या पदवीच्या यादीत आहे, म्हणून तोच घ्यायचे ठरवले. फी क्रेडिटवार आहे, त्यामुळे भुर्दंड बसला. सवलत एकदाच मिळते हे वाचले नसते तर मी बहुधा स्वस्त पर्याय निवडला असता.

टीएशिपबाबत आमच्या हँडबुकात ९ च लिहिले आहे आणि तिन्ही विषय ग्रॅज्युएट पातळीचे हवेत. त्यामुळे पुढच्या सत्रात दर दोन वर्षांनी येणारा विषय, आणखी एक वर्गातला आणि एक ऑनलाइन, अशी आखणी केली आहे. टक्कर होणारा दुसरा विषय दरवर्षी असतो हे आवर्तनाच्या तक्त्यात दिसले, म्हणून ओव्हरराइडच्या वाटेला गेलोच नाही.

टाचणी

निर्णय योग्य आहे असे मला वाटते. उत्तरार्धातल्या विषयाची ॲड-ड्रॉपची मुदत आठवड्यांत नसून दिवसांत असते, ती वेगळी पाहून ठेवा. आणि अल्गोरिदममधून माघार घेण्याची दहाव्या आठवड्याची मुदत ही अर्ज भरण्याची आहे की सह्या पूर्ण होण्याची, तेही विचारा.

पाऊलवाट

विचारले. ती सह्या पूर्ण होण्याची आहे, आणि एक सही ज्यांची लागते ते त्या आठवड्यात परिषदेसाठी बाहेर आहेत, म्हणून आजच घेऊन टाकली. डेटाबेसच्या वर्गाची ड्रॉपची मुदत पहिल्या तासानंतर तिसऱ्या दिवशी संपते. काल सकाळी तो विषय जोडला तेव्हा 'एकूण नोंदवलेले क्रेडिट' या ओळीत १२ दिसले, त्या पानाची प्रत काढून ठेवली, आणि मगच माघारीचा अर्ज रजिस्ट्रारच्या खिडकीत दिला. आज दुपारी तिथे ९ आहेत.